शोधशब्दांचा जप

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. पदवी घेऊन त्याला सहासात वर्षें झालीं असतील. वर्गांत असतांना त्याचे निबंध मी इतरांना वाचून दाखवीत असें, आणि हा मुलगा पुढेंमागें लिहील अशी माझी अपेक्षा होती. ती एका अर्थीं खरी झाली आहे. तो रोज लिहितो. घरें बांधून विकणाऱ्या एका संस्थेच्या संकेतस्थळासाठीं तो पानें तयार करतो, व त्याचा मोबदला त्याला शब्दांच्या मोजणीवर मिळतो. त्यानें दोन कागद बरोबर आणले होते. ‘सर, मराठी तेवढें तपासून द्या,’ असें म्हणून त्यानें पहिला कागद माझ्या हातांत दिला.

मजकूर सुमारें तीनशें शब्दांचा होता. त्याची सुरुवात अशी: ‘तुम्ही पुण्यात २ बीएचके फ्लॅट शोधत आहात का? पुण्यात २ बीएचके फ्लॅट घेणे हे प्रत्येकाचे स्वप्न असते. आमचे पुण्यातील २ बीएचके फ्लॅट तुमचे हे स्वप्न साकार करतील.’ मीं पेन्सिल घेऊन मोजलें. हा एकच शब्दसमूह त्या पानांत चौदा वेळां आला होता. त्यांतल्या अकरांवर मीं काट मारली व कागद परत केला. तेव्हां तो ओशाळें हंसला आणि त्यानें दुसरा कागद पुढें केला. ती वरून आलेली आज्ञा होती. मुख्य शब्द कोणता. तो मथळ्यांत, पहिल्या शंभर शब्दांत, एका तरी पोटमथळ्यांत व चित्राच्या नांवांत आलाच पाहिजे. एकंदर मजकुराशीं त्याचें प्रमाण किती असावें. उपशब्द कोणते व ते कितीदां घालावयाचे – सर्व कांहीं त्यांत लिहिलेलें होतें. माझ्या अकरा काटांनीं त्या बिचाऱ्याची दिवसाची मजुरीच बुडत होती.

या शब्दांना धंद्यांतले लोक ‘कीवर्ड’ म्हणतात; मी शोधशब्द म्हणतों. घर घेऊं इच्छिणारा मनुष्य शोधयंत्रापुढें बसून जे शब्द टाइप करतो ते हे. कोणता शब्द महिन्यांत सुमारें किती लोक विचारतात याचे अंदाज आतां मिळूं शकतात, आणि ते पाहून पानांतील शब्द ठरविले जातात. माझें भांडण या शोधशब्दांशींच आहे असा मात्र कोणाचा समज होऊं नये. ज्याला विकावयाचें आहे त्यानें घेणाराच्या तोंडचे शब्द जाणावेत हा बाजाराचा जुनाच न्याय आहे. गिऱ्हाइकानें ‘दोन खोल्या आहेत का?’ म्हणून विचारलें तर ‘आमचेकडे द्विकक्षीय निवासिका उपलब्ध आहेत’ असें उत्तर देणारा दुकानदार मूर्ख. लोक ‘फ्लॅट’ म्हणत असतील तर पानावर ‘फ्लॅट’ असावा. ‘सदनिका’ हा शब्द करारनाम्यांत सुखेनैव नांदो. इतकेंच नव्हे, तर शोधशब्दांची यादी ही माझ्या मतें वाचण्यासारखी वस्तु आहे. त्या विद्यार्थ्याच्या कागदावर साठएक शब्दसमूह व त्यांपुढें आंकडे होते. वरचीं दहापंधरा हीं अशींच गुळगुळीत – पुण्यात फ्लॅट, पुण्यात नवीन प्रकल्प, स्वस्त फ्लॅट, आलिशान फ्लॅट. पण मी जसजसा खालीं गेलों तसतसा त्या यादींतून माणसांचा आवाज येऊं लागला. अमुक गावात पाणी टँकरचे आहे का. अमुक प्रकल्पाचा ताबा कधी मिळणार. सोसायटीचा महिन्याचा खर्च किती येतो. गुंठेवारीच्या जागेवर कर्ज मिळते का. हीं रात्रीं उशिरां, जेवणें आटोपल्यावर, नवराबायकोंनीं एका फोनवर वांकून विचारलेलीं वाक्यें आहेत. प्रत्येकापुढचा आंकडा लहान होता. आणि लहान आंकडा म्हणून तीं सर्व तांबड्या शाईनें खोडलेलीं होतीं.

येथेंच सगळा घोळ आहे. शोधशब्द हा प्रश्न आहे. ज्या माणसानें ‘पुण्यात २ बीएचके फ्लॅट’ असें विचारलें त्याला हे चार शब्द माहीत आहेत. त्याला त्यांपुढचें पाहिजे आहे. कोठें, केवढ्याला, केव्हां, पाय ठेवावयास खरी जागा किती, पाणी कोठचें. त्याचेच चार शब्द चौदा वेळां त्याच्या तोंडावर फेकणें म्हणजे त्याला उत्तर देणें नव्हे. उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्याचीं पंचवीसतीस वर्षें गेलीं आहेत त्याला ही युक्ति चांगली परिचित असते. विद्यार्थ्याला कांहीं येत नसलें कीं तो प्रश्नच उलटसुलट करून उत्तरांत उतरवितो. ‘शोकांतिकेची व्याख्या’ विचारली तर ‘शोकांतिकेची व्याख्या करतांना शोकांतिकेची व्याख्या अनेकांनीं केलेली दिसते’ येथून आरंभ करून पान भरतो. भोळा परीक्षक असेल तर चार गुण मिळतातही.

शोधयंत्रें आरंभीं तशींच भोळीं होतीं. १९९५ सालीं निघालेल्या अल्टाव्हिस्टासारख्या यंत्रांच्या काळांत पानावरचे शब्द व त्या पानाच्या पोटांत लपविलेली शब्दांची यादी यांना फार महत्त्व असे. म्हणून लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत तोच शब्द शेंकडों वेळां लिहून ठेवीत. वाचकाला दिसूं नये, पण यंत्राला दिसावा! पुढें १९९८ सालीं स्टॅनफर्ड येथील पेज व ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनीं निराळी रीत काढली. विद्वानांत ज्या ग्रंथाचा आधार दुसरे पुष्कळ ग्रंथ घेतात तो ग्रंथ मोठा मानतात. त्याच न्यायानें ज्या पानाकडे इतर चांगलीं पानें बोट दाखवितात तें पान मोठें. गूगल त्यांतून निघालें. पानाच्या पोटांत लपविलेल्या शोधशब्दांच्या यादीकडे आपण क्रम लावतांना मुळींच पाहत नाहीं, असें त्या संस्थेनें २००९ च्या सप्टेंबरांत उघड सांगितलें. २०११ सालीं तिनें पोकळ मजकुराचीं पानें खालीं ढकलण्याची व्यवस्था केली. २०२२ सालीं यंत्राकरितां लिहिलेलीं पानें नकोत, माणसांकरितां लिहा, असें पुन्हा बजाविलें. ज्या गांवांच्या शोधांत आपलें पान वर यावें त्या गांवांच्या नांवांच्या ओळीच्या ओळी पानावर रचणें हें तर तिच्या नियमांत निषिद्धाचें उदाहरण म्हणूनच दिलेलें आहे. म्हणजे परीक्षक केव्हांच बदलला, आणि आमचे लोक जुन्या परीक्षकाचें गाईड पाठ करीत बसले आहेत. नामस्मरणानें देव पावतो असें संत सांगतात. पण तो देव आणि तें स्मरण निराळें. येथें जप चालू आहे तो अशा दैवताचा कीं ज्यानें स्वतःच ‘मला जप नको’ म्हणून दारावर पाटी लावली आहे.

तथापि पुनरुक्ति हा फार तर कंटाळ्याचा विषय झाला, आणि कंटाळवाण्या लेखनावर रागावूं लागलों तर मला माझ्याच व्याख्यानांपासून सुरुवात करावी लागेल. माझा खरा राग आहे तो गांवांच्या नांवांवरून.

मुंबईंत लोअर परळ म्हणून एक भाग आहे. तो गिरण्यांचा, चाळींचा, भोंग्यावर उठणाऱ्या व भोंग्यावर निजणाऱ्या माणसांचा भाग. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी थंडावली, त्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, आणि विकणारांना ‘लोअर’ हा शब्द सलूं लागला. मग जाहिरातींतून ‘अप्पर वरळी’ नांवाचा एक प्रदेश निर्माण झाला. खालचें तें एका रात्रींत वर गेलें. जमीन मात्र तसूभर हालली नाहीं! वडाळ्याला ‘न्यू कफ परेड’ म्हणूं लागले; जुन्या कफ परेडहून तेथें जाणाराला मधें निम्मी मुंबई ओलांडावी लागते ही गोष्ट निराळी. पुण्याची तऱ्हा याहून मजेची आहे. कोंढवें खुर्द येथें बँकांच्या अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी एक राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें एनआयबीएम. त्यांवरून तेथला रस्ता ओळखला जाऊं लागला, येथपर्यंत ठीक. पण पुढें शेजारचें महंमदवाडी हें गांव ‘एनआयबीएम अ‍ॅनेक्स’ झालें. अ‍ॅनेक्स म्हणजे मूळ इमारतीला जोडून काढलेली पुरवणी. देवळामशिदींचें, शेताशिवाराचें एक नांदतें गांव चार इंग्रजी अक्षरांची पुरवणी होऊन बसलें, आणि याचा कोणाला विषाद वाटल्याचें ऐकिवांत नाहीं. सूस आणि म्हाळुंगे तशींच ‘बाणेर अ‍ॅनेक्स’ म्हणून विकलीं जातात.

हें कां होतें याचें उत्तर त्या दुसऱ्या कागदावर होतें. बाणेरपुढचा आंकडा मोठा, म्हाळुंग्यापुढचा लहान. ज्या नांवाला गिऱ्हाईक अधिक तें नांव, मग घर कोठें कां असेना! आणि एका विक्रेत्यानें लावलेलें नांव दुसरा उचलतो, लोक तेंच विचारूं लागतात, आंकडा वाढतो, आणि वाढलेल्या आंकड्याकडे बोट दाखवून सांगितलें जातें कीं पहा, लोकच असें म्हणतात.

यावर मला एका स्नेह्यानें पेठांचा दाखला देऊन गप्प करण्याचा यत्न केला. नांवें बदलतातच, तो म्हणाला; शहापुऱ्याची सोमवार पेठ झाली, मलकापुराची रविवार झाली, तेव्हां तुमच्यासारखें कोणी रडलें का? रडलें असेलही, नोंद नसेल. पण मुद्दा तो नव्हे. शहापुऱ्याला सोमवार म्हटल्यानें तेथें राहावयास येणाऱ्या माणसाची चूक होत नव्हती. सोमवार पेठ ही दुसऱ्या एखाद्या मोलाच्या पेठेचा मुखवटा घालून उभी नव्हती. नांव बदलणें निराळें आणि शेजाऱ्याचें नांव लावून हिंडणें निराळें.

नांवांचा आणखी एक घात होतो तो कोणी फारसा पाहत नाहीं. आपल्याकडे जुळ्या गांवांना बुद्रुक आणि खुर्द हीं पदें लागतात. मूळ फारशी, थोरलें आणि धाकटें अशा अर्थाचीं. कोंढवें बुद्रुक आहे, खुर्द आहे; आंबेगांव, मांजरी, सर्वांच्या अशा जोड्या आहेत. पुण्याभोंवतीं वडगांवेंच किती आहेत पहा! वडगांव बुद्रुक व वडगांव खुर्द सिंहगडाच्या वाटेवर, वडगांव शेरी पार नगर रस्त्याकडे. आणि १७७९ त इंग्रजांनीं जेथें नाक घासलें तें मावळांतलें वडगांव तर निराळेंच. शोधणारा मनुष्य घाईंत नुसतें ‘कोंढवा’ लिहितो, म्हणून पानावरही नुसता ‘कोंढवा’ येतो, आणि बुद्रुक-खुर्द हीं पदें शोधशब्दांत बसत नाहींत म्हणून गळतात. परंतु सातबारा पाहावयाचा तर सरकारी भूलेखाच्या पानावर जिल्हा, तालुका आणि मग नेमकें गांव निवडावें लागतें, त्यानंतर गट वा सर्व्हे क्रमांक. ज्याला आपलें घर कोणत्या मौज्यांत आहे हेंच पानानें सांगितलें नाहीं तो त्या जमिनीवर कोणाचा बोजा आहे, कोणाचा दावा आहे, हें कसें पाहणार? ‘अ‍ॅनेक्स’ नांवाचें मौजे कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरांत नाहीं.

आमच्या महाविद्यालयांतल्या एका गृहस्थांवर हा प्रसंग आला. त्यांनीं अशाच एका मोठ्या नांवाच्या पुरवणींत घर पाहिलें, बयाणा दिला, कर्जाचे कागद करावयास बँकेंत गेले आणि तेथें त्यांना गांवाचें खरें नांव प्रथम कळलें. गांव वाईट नव्हतें. पण त्या गांवांत अजून नळ आलेला नव्हता. सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, वाघोली इत्यादि २३ गांवें ३० जून २०२१ रोजीं पुण्याच्या महापालिकेंत घेतलीं गेलीं; पण पालिकेच्या हद्दींत गांव आलें कीं दुसऱ्या दिवशीं नळाला पाणी आलें, असें होत नसतें. आज ते गृहस्थ दरमहा कर्जाचा हप्ता देतात, आणि टँकरच्या वर्गणीचा निराळा. ‘मीं विचारलें होतें हो,’ ते मला म्हणाले, ‘फोनवर हेंच विचारलें होतें. उत्तरादाखल स्वप्नांचीं पानें आलीं.’

कायदा यांत अगदींच हात बांधून बसला आहे असें नाहीं. २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम १ मे २०१७ पासून पुरता अमलांत आला. नोंदणीवांचून प्रकल्पाची जाहिरात करावयाची नाहीं, जाहिरातींत नोंदणीचा क्रमांक ठळक दिला पाहिजे, हें त्यांत आहे. जाहिरातींतील खोट्या विधानावर विसंबून ज्यानें पैसे दिले व नुकसान सोसलें त्याला भरपाई, आणि अंग काढून घ्यावयाचें असेल तर सव्याज रक्कम परत, हें बाराव्या कलमांत आहे. महाराष्ट्रांत तर १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणेंही सक्तीचें झालें. जाहिरातीची व्याख्याही इतकी रुंद आहे कीं कोणत्याही माध्यमांतलें प्रसिद्धिपत्र तींत येतें. संकेतस्थळाचें पान अर्थातच आलें. परंतु कायदा पकडतो तें खोटें विधान. चौदा वेळां उच्चारलेल्या ‘पुण्यात २ बीएचके फ्लॅट’ या शब्दांत विधानच कोठें आहे? धुक्यावर खटला भरतां येत नाहीं. शिवाय जबाबदारी घर बांधणाराची. ज्यानें पान लिहिलें तो कोणाच्याच हिशेबांत नाहीं, कारण त्या पानावर त्याचें नांव नसतें.

शब्दांच्या या बाजारांत अर्थाला किती कमी भाव आहे हें पाहावयाचें तर ‘परवडणारी आलिशान घरे’ हा नित्याचा प्रयोग पहा. ‘परवडणारें’ या शब्दाला २०१९ च्या एप्रिलांत लागू झालेल्या करव्यवस्थेंत नेमका अर्थ दिला गेला: किंमत ४५ लाखांच्या आंत, आणि चटई क्षेत्र मुंबईसारख्या महानगरांत ६० चौरस मीटर, पुण्यासारख्या इतर ठिकाणीं ९० चौरस मीटर यांच्या आंत. दोन शब्दांचे आंकडे मोठे, म्हणून दोन्ही एका वाक्यांत; मग ते एकमेकांचा गळा दाबोत. आणि मराठी पानांची तर कथाच नको. मूळ पान इंग्रजींत, शोधशब्द इंग्रजींत, आणि यंत्रानें केलेलें भाषांतर आमच्या माथीं. गिऱ्हाईक इंग्रजींत ‘नीअर मी’ म्हणून विचारतें. ‘मी’ म्हणजे तें गिऱ्हाईक. तोच शब्दसमूह विकणाऱ्याच्या पानावर भाषांतरून येतो: ‘माझ्या जवळ विक्रीसाठी फ्लॅट’. हा ‘मी’ कोण? बिल्डर कीं यंत्र? हिंजवडी हें गांव रोमन लिपींत तीनचार तऱ्हांनीं लिहितात, तीं सारीं रूपें पानांत कोंबतात, आणि मग तें नांव मराठींत परत येतें तें ‘हिंजेवाडी’ होऊन. माहेरीं आलेल्या मुलीला घरच्यांनींच ओळखूं नये असा हा प्रकार आहे. माजघर, पडवी, परसू गेलीं याचें मला फारसें दुःख नाहीं. घरांतून तीं गेलीं म्हणून भाषेंतून गेलीं. पण गांव जागच्या जागीं असतांना त्याचें नांव जावें, हें समजत नाहीं.

‘तुम्ही म्हणतां तें खरें, सर,’ माझा विद्यार्थी सर्व ऐकून म्हणाला, ‘पण पान वरच आलें नाहीं तर तुमचें खरें वाचणार कोण?’ हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाहीं. अंधाऱ्या खोलींतला दिवा कोणाच्या उपयोगाचा? मीं त्याला इतकेंच म्हटलें कीं, वर येण्यासाठीं शब्द एकदां, दोनदां, योग्य जागीं येणें पुरतें; मथळ्यांत तो असूं दे, कोणी हरकत घेणार नाहीं. उरलेल्या बारा जागा रिकाम्या झाल्या, त्यांत खालच्या यादींतले तांबडे प्रश्न घे आणि एकेकाचें उत्तर लिही. त्या लहान आंकड्यांच्या माणसांना तुझ्या पानावांचून कोठेंच उत्तर मिळत नाहीं. तीं माणसें पान सोडून जाणार नाहींत. कदाचित् एवढें करूनही पान खालींच राहील. राहो. मी यंत्राचा दलाल नाहीं, तेव्हां तशी हमी मी देऊं शकत नाहीं.

एक गोष्ट मात्र त्याच्यापुढें बोलवली नाहीं. हें लिहिणें त्याला शिकविलें कोणीं? उत्तर किती शब्दांत लिहावें हें आम्ही प्रश्नपत्रिकेंत छापतों, पुरवण्या मोजतों, प्रश्नांतला शब्द उत्तरांत दिसला कीं आमची लाल पेन्सिल संतोषानें खूण करते. जुना भोळा परीक्षक अजून कोठें जिवंत असेल तर तो आमच्याच घरीं.

त्या दुपारीं आम्ही दोघांनीं बसून तें पान नव्यानें लिहिलें. शोधशब्द मथळ्यांत एकदां व मजकुरांत एकदां; पहिल्या वाक्यांत तालुका व मौजे, बुद्रुक कीं खुर्द यासकट; मग चटई क्षेत्र, ताब्याचा महिना, नोंदणीचा क्रमांक, सोसायटीचा अंदाजी मासिक खर्च. पाण्याविषयीं त्यानें कचेरींत फोन करून विचारलें, आणि जें कळलें तें लिहिलें: नळजोडणी व्हावयाची आहे, तोंपर्यंत टँकर. एकंदर शब्द झाले एकशें ऐशीं. मजुरी कमी होणार हें त्याला ठाऊक होतें. तरी कागद घडी करून खिशांत ठेवतांना त्याचा चेहरा वर्गांत निबंध वाचून दाखवितांना होत असे तसा झाला.

आठवड्यानें त्याचा फोन आला. पान मंजूर झालें होतें. गांवाचें नांव राहिलें, क्षेत्र राहिलें, ताब्याचा महिनाही राहिला. फक्त पाण्याचें वाक्य काढून तेथें ‘पुण्यात २ बीएचके फ्लॅट’ हे शब्द आणखी दोनदां घालावे, असा वरून शेरा आला होता.